मेणकापडाचे जॅकेट आणि ग्वाल्हेरचा मे महिना : एका खरेदीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातील गृहस्थ एकसष्ट वर्षांचे असून शासकीय नोकरीतून निवृत्त झाले आहेत. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात त्यांचे कुटुंब तीन पिढ्यांपासून राहते. ओळख राहू नये म्हणून नाव आणि काही तपशील गाळले आहेत. आमच्या आळीत सगळे त्यांना काका म्हणतात, तेव्हा इथेही तेच म्हणते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात आठवड्यातून तीन-चार दिवस पहाटे मोटरसायकल काढायची आणि तिघरा धरणाच्या बाजूला पक्षी पाहायला जायचे, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा नेम आहे. त्या दिवसांत इकडे धुके असे उतरते की पाऊस नसतानाही तिघऱ्याला पोचेपर्यंत स्वेटरच्या बाह्या ओल्या होतात आणि समोरून येणारा वारा त्या ओलीतून थेट हाडांपर्यंत जातो. वर्षातून एखाद-दुसरा मावठा होतो, आणि धरणाच्या काठची बाभूळ मात्र रोजचीच.

मी तयार कपड्यांची निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात काही वर्षे गुणवत्ता तपासणीचे काम केले आहे. त्यामुळे आळीत कोणाला कोट घ्यायचा असला की कापड चिमटीत धरून पाहण्यासाठी मला बोलावतात. हे प्रकरण त्यातूनच माझ्याकडे आले आणि त्यातली सर्वांत महाग चूक माझ्या सल्ल्याने झाली, हे आधीच नोंदवून ठेवते.

अडचण

काकांकडे आधी एक जॅकेट होते. ऑनलाइन घेतलेले, किंमत बावीसशे रुपये, वर्णनात ‘वॅक्स कोटिंग’ असे शब्द. दोन उन्हाळे लोटल्यावर तिसऱ्या नोव्हेंबरात त्यांनी ते कपाटातून काढले, तेव्हा कॉलरच्या घडीवर काळी खपली निघालेली होती आणि बोट फिरवताच तिचे तुकडे काकूंनी विणलेल्या पांढऱ्या स्वेटरवर पडले. ते मेण नव्हतेच. पॉलिएस्टर कापडावर पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा पातळ थर दिलेला होता. हा थर हवेतील दमटपणाने आतून तुटत जातो आणि एकदा सुटू लागला की त्याला इलाज नाही. शिंप्याकडे न्या, चिकटवा, काहीही करा, खपल्या पडतच राहतात.

काकांचे म्हणणे साधे होते. त्यांना दर दोन वर्षांनी जॅकेट टाकून द्यायचे नव्हते. जुने झाल्यावर अधिक आपले वाटेल आणि फाटले तर शिवता येईल असे त्यांना हवे होते. मेणवलेल्या सुती कापडाचे जॅकेट अशी ख्याती बाळगून असते. काकूंची प्रतिक्रिया मात्र वेगळी होती. “मेणकापड अंगात कसलं घालता? ते तान्ह्या बाळाखाली घालतात,” असे त्या म्हणाल्या. शब्द तोच असला तरी वस्तू वेगळी आहे, हे समजावण्यात आमची एक संध्याकाळ गेली.

कापडाविषयी थोडे

हे कापड मुळात समुद्राचे. पूर्वी शिडाच्या कापडाला अळशीचे तेल चोळत, म्हणजे ते वारा धरी आणि भिजून जड होत नसे. पण अळशीचे तेल कालांतराने पिवळे पडते आणि कडक होऊन घडीवर तडकते. लाकडी खिडक्यांना ते तेल लावणाऱ्या कोणालाही हे ठाऊक असेल. १९३० च्या दशकात ब्रिटनमधील गिरण्यांनी तेलाऐवजी पॅराफिनचे मेण सुतात मुरवण्याची पद्धत बसवली आणि कापड थंडीतही लवचिक राहू लागले. साउथ शील्ड्स या बंदराच्या गावी १८९४ मध्ये सुरू झालेल्या बार्बर या घराण्याच्या पेढीने हे जॅकेट खलाशांकडून शेतकऱ्यांकडे आणि पुढे मोटरसायकलवाल्यांकडे नेले. त्यांचा मोटरसायकलस्वारांसाठीचा पोशाख १९३६ चा आहे.

हा इतिहास मी काकांना हौसेने सांगितला, पण त्यातून निघणारा प्रश्न स्वतःला विचारला नाही. जे कापड थंड, ओल्या किनाऱ्यासाठी घडले, ते पंचेचाळीस अंशांच्या गावात वर्षभर कसे राहणार? जॅकेट काकांच्या अंगावर जेमतेम तीन-चार महिने असते. उरलेले आठ महिने ते कपाटात असते, आणि त्याचे वय तिथेच ठरते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय नव्या परदेशी जॅकेटचा होता. दर्जाबद्दल शंका नव्हती आणि अशा काही कंपन्या जुने जॅकेट परत घेऊन मेण चढवून, ठिगळ लावून देतात. परंतु ती सोय साता समुद्रापलीकडची, आणि किंमत काकांच्या अंदाजपत्रकाच्या कित्येक पट. हा पर्याय पाच मिनिटांत मिटला.

दुसरा पर्याय वापरलेल्या परदेशी जॅकेटचा. यात काकांना फार रस होता, कारण छायाचित्रांत ती जॅकेटे देखणी दिसत होती. अडचण अशी की छायाचित्रात वास येत नाही. मेणकापडाला एकदा बुरशीचा वास बसला की तो सहजासहजी निघत नाही आणि कोणी ते जॅकेट धुलाई यंत्रात घातले असेल, तर ते हातात आल्यावरच कळते. विकणारा परत घ्यायला तयार नव्हता, म्हणून मी नको म्हटले. हा निर्णय मला आजही योग्य वाटतो.

तिसरा पर्याय दौलतगंजातील आमच्या ओळखीच्या टेलर मास्टरकडून शिवून घेण्याचा. मेणवलेले कापड मीटरने मिळते. मास्टरजींनी नमुन्याचा तुकडा मशीनखाली घेतला, चार टाके घातले, उसवले आणि कापड उजेडासमोर धरले. टाक्यांची भोके तशीच उघडी होती. “साहब, इसमें सुई का छेद भरता नहीं, एक ही बार सोचकर चलानी पड़ती है,” असे ते म्हणाले. साध्या सुती कापडात उसवलेली टीप पाण्याने, इस्त्रीने मिटते. इथे पाणीही नको आणि इस्त्री तर मुळीच नको. मापाची चूक झाली तर खांद्यावर कायमची चाळण होणार होती, म्हणून त्यांनी प्रामाणिकपणे नकार दिला. त्यांचे ते वाक्य पुढे दोनदा उपयोगी पडले.

चौथा पर्याय भारतात शिवलेल्या तयार जॅकेटचा. किंमत साडेसात हजार, परत करण्याची मुदत पंधरा दिवस. याच जॅकेटची दोन रूपे उपलब्ध होती : एक हलके, कोरड्या मेणाचे, हाताला जवळजवळ साध्या कापडासारखे लागणारे, दुसरे जड, तेलकट मेणाचे, चकाकी असलेले.

निवड

आम्ही दोन्ही मागवली आणि काकांच्या बैठकीत दिवाणावर पसरली. कारखान्यातील सवयीप्रमाणे मी आधी उलट बाजू पाहिली. जॅकेट किती वर्षे टिकेल हे अस्तराच्या आत दिसते. शिवणीच्या कडा गोट लावून बंद केलेल्या होत्या. खिशांच्या कोपऱ्यांना आडवी घट्ट टीप होती. चेन पितळी होती आणि ती स्वतंत्र पट्टीवर बसवलेली असल्यामुळे बदलायची झाल्यास बाहेरच्या कापडाला हात लावावा लागणार नव्हता. मास्टरजींचे भोकांविषयीचे वाक्य आठवून मी ही गोष्ट खास तपासली.

नंतर नखाने एक रेघ ओढली. खऱ्या मेणकापडावर अशी रेघ फिकट उमटते आणि अंगठ्याने चोळून ऊब दिली की बरीचशी विरते. पॉलियुरेथेनच्या थरावर तसे होत नाही. दोन्ही जॅकेटांवर रेघ उमटली आणि विरली.

मापाबाबत काकांचा आणि माझा मतभेद झाला. त्यांना अंगासरशी बसणारे हवे होते. मेणकापड वारा आणि ओल अडवते, पण ते स्वतः उबदार नसते. ऊब आतल्या लोकरीची. म्हणून काकूंचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून, हात मोटरसायकलच्या हँडलवर धरल्यासारखे पुढे करून पाहावे असा मी आग्रह धरला. तसे केल्यावर लहान मापाचे मनगट तीन बोटे वर चढले आणि मोठे माप ठरले.

उरला प्रश्न मेणाचा, आणि इथे मी चुकले. तेलकट मेण पाणी जास्त अडवते, त्यावरच्या घड्या अधिक देखण्या उमटतात आणि जुनेपणाची जी छटा लोकांना भुरळ घालते, ती त्यावर लवकर येते. हे सगळे खरे आहे. काकांना पाण्यापेक्षा धुक्यापासून संरक्षण हवे होते आणि त्याला हलके कोरडे मेण पुरेसे होते, हेही तितकेच खरे होते, पण मी त्याला वजन दिले नाही. कॉलरच्या आतल्या बाजूला कॉर्ड्युरॉय, म्हणजे उभ्या उंच रेघांचे मऊ कापड, होते. ते मानेला मऊ लागते म्हणून काका खूश झाले. मीही मान डोलावली.

पहिला हिवाळा

पहिल्या हिवाळ्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही, कारण सर्व ठीक झाले. धुक्याचे थेंब बाहीवर मण्यांसारखे थांबत आणि झटकले की पडत. दुर्बिणीचा पट्टा जिथे घासतो तिथे डाव्या खांद्यावर फिकट रेघ आली, कोपरांवर जाळीदार घड्या उमटल्या. जानेवारीत बाभळीच्या काट्याने उजव्या बाहीला दीड इंचाची चीर पडली. मास्टरजींनी आतल्या खिशाच्या पाठीमागचा तुकडा कापून त्याच रंगाचे ठिगळ आतून लावले आणि जागा निश्चित करून एकाच फेरीत टीप मारली. फेब्रुवारीच्या दुपारी जॅकेट नकोसे होई, तेव्हा काका ते घडी करून टाकीवरच्या पिशवीत ठेवत. पिशवीच्या आतल्या बाजूला मेणाचा डाग पडला, पण त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. ती पहिली सूचना होती.

मे आणि जुलै

मार्चअखेर काकांनी जॅकेट वरच्या मजल्यावरील भिंतीतल्या कपाटात टांगले. ती भिंत पश्चिमेची. मे महिन्यात वर गच्ची तापलेली आणि बाजूने दुपारभर ऊन. पुढे आम्ही त्या कपाटात थर्मामीटर ठेवून पाहिले, तेव्हा दुपारी चार वाजता पारा त्रेचाळीसवर होता. शुद्ध पॅराफिन साधारण सेहेचाळीस अंशांच्या वर, आणि त्याचे अनेक प्रकार साठच्या आसपास वितळतात, हे मला ठाऊक होते. परंतु कापडातले मेण लवचिक राहावे म्हणून त्यात तेलाचा अंश असतो आणि असे मिश्रण वितळण्याच्या बरेच आधी मऊ पडून जागा सोडू लागते. जॅकेट शेजारच्या शालीला टेकलेले होते. जूनमध्ये कपाट उघडले तेव्हा शालीच्या पदरावर हाताच्या पंजाएवढा तेलकट डाग होता. जॅकेटच्या खांद्यावरचे मेण पातळ झाले होते, खालच्या घेरात दाटले होते आणि त्यावर ग्वाल्हेरची धूळ बसून ते बोटांना चिकटत होते.

शालीवरून घरात जे व्हायचे ते झाले. काकूंनी जॅकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड बांधून पलंगाखाली ढकलले. शाल वाचवण्याच्या दृष्टीने हे बरोबरच होते. पण बाहेर पाऊस सुरू झाला होता, सुताला थोडी ओल होतीच, आणि पिशवीत हवा नव्हती. जुलैअखेर काकांनी पिशवी सोडली तेव्हा कॉर्ड्युरॉयच्या प्रत्येक रेघेच्या फटीत, तांदळाच्या पिठाची बोटे फिरवावीत तशी पांढरी बुरशी होती. अस्तरावरही काही ठिपके होते. बाहेरच्या मेणकापडावर मात्र फारच कमी.

निर्णयाचा क्षण

काका जॅकेट ड्राय क्लीनिंगला द्यायला निघाले होते. दुकानदार “हो, होईल” म्हणाला होता. सुदैवाने जाताना ते माझ्या दारावरून गेले. ड्राय क्लीनिंगमध्ये पाण्याऐवजी वापरतात ते द्रावण तेल आणि मेण विरघळवण्यासाठीच असते. जॅकेट परत आले असते ते डागाळलेले साधे सुती कापड होऊन. धुलाई यंत्रात साबण आणि गरम पाण्यानेही जवळपास तेच झाले असते.

मग तीन मार्ग उरले. जॅकेट टाकून देणे, जे काकूंना मान्य होते. मेण पूर्ण काढून टाकून साधे कॅनव्हासचे जॅकेट म्हणून वापरणे, जे मला काही काळ पटले होते. किंवा बुरशी काढून, मेण पुन्हा सारखे करून, ठेवण्याची जागा बदलणे. आम्ही तिसरा मार्ग घेतला, कारण खांदे, कोपर, बाह्यांची टोके उजेडात धरून पाहिली तेव्हा मेण गेले होते, सूत शाबूत होते. या कापडाच्या बाबतीत हा फरक सर्वांत महत्त्वाचा आहे. मेण झिजले की जागा फिकी पडते आणि पुन्हा मेण लावले की भरून येते. सूत झिजले की कडेला पांढरे धागे पिसासारखे उभे राहतात, आणि तिथे कितीही मेण ओतले तरी धागा परत येत नाही.

केलेली दुरुस्ती

बुरशी आम्ही गच्चीवर, तोंडाला रुमाल बांधून मऊ ब्रशने झाडली. घरात झाडली असती तर ती सर्व कपड्यांवर गेली असती. नंतर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समभाग घेऊन ओल्या फडक्याने पुसले आणि दोन दिवस सावलीत पंख्याखाली वाळवले. कॉर्ड्युरॉय ब्रशने साफ झाले, पण वास राहिला. शेवटी मास्टरजींनी कॉलरचे ते कापड उसवून त्याजागी साधे जाड सुती कापड त्याच भोकांतून शिवले. दिसायला ते थोडे गरीब दिसते, आणि मला ते अधिक आवडते.

मेण चढवण्यासाठी नोव्हेंबरच्या कोवळ्या उन्हाची वाट पाहिली. जॅकेट आधी थंड पाण्याच्या फडक्याने पुसून धूळ काढली, खालच्या घेरातले साचलेले मेण चमच्याच्या मागच्या बाजूने खरवडले. मेणाचा डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून पातळ केला आणि जुन्या बनियनच्या तुकड्याने आधी शिवणींवर, मग खांद्यावर आणि बाह्यांवर चोळला. थर किती असावा याबद्दल काकूंनी सांगितलेले प्रमाण मी आता सर्वांना सांगते : थालीपिठाआधी तव्यावर तेल फिरवतो तितका. त्यांचा सहभाग त्या दिवसापासून सुरू झाला. नातीच्या हेअर ड्रायरने ऊब देताच वरचा धुरकट थर सुतात उतरून रंग गडद होत गेला. बगलेत, अस्तराला, खिशांच्या आत आणि कॉलरला मेण लावले नाही. रात्रभर टांगून ठेवले. शेगडीजवळ मात्र टांगू दिले नाही, कारण मेणाचे कापड शेवटी वातच आहे.

निष्पत्ती

जॅकेट आता वरच्या कपाटात नाही. घराचा तळमजला जुन्या दगडी भिंतींचा आहे आणि माजघर भर उन्हाळ्यातही वरच्या मजल्यापेक्षा बरेच थंड असते. तिथे खुंटीवर रुंद लाकडी हँगर लावून, भिंतीपासून हातभर दूर, जुन्या धोतराच्या सैल खोळीत ते राहते. पावसाळ्यात दर रविवारी खोळ काढून तासभर पंखा लावतात. या व्यवस्थेत दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे गेले. मेण किंचित मऊ पडते, पण उतरत नाही. बुरशी पुन्हा आलेली नाही. मेण पुन्हा एकदाच, दुसऱ्या नोव्हेंबरात लावावे लागले आणि तेही फक्त खांदे आणि बाह्यांवर. बाभळीच्या चिरेचे ठिगळ आसपासच्या कापडासारखेच फिकट होत चालले आहे. शालीचा डाग मात्र पूर्ण गेला नाही.

आज करायचे झाल्यास

मी हलके, कोरड्या मेणाचे जॅकेट निवडेन. धुक्याला ते पुरते, धूळ कमी धरते, शेजारच्या कपड्याला लागत नाही आणि उन्हाळ्यात कमी हलते. त्यावर जुनेपणाची छटा उशिरा येते, एवढाच तोटा. कॉर्ड्युरॉयची कॉलर इकडच्या पावसाळ्यासाठी घेणार नाही, किंवा बटणांनी काढता येणारी घेईन. सर्वांत आधी मात्र, दोन्ही जॅकेटे दिवाणावर पसरण्यापूर्वी, ते कुठे टांगणार ती जागा पाहीन. आम्ही शिवण, चेन, माप सगळे तपासले, पण कपाट उघडून पाहिले नाही. तेव्हा उघडले असते तर नोव्हेंबरातही त्या भिंतीला दुपारी हात लावून अंदाज आला असता.

एका गोष्टीबद्दल माझे मत अजून पक्के नाही. पहिल्याच एप्रिलमध्ये खालच्या घेरातले मेण थोडे पुसून काढले असते, तर मे सुसह्य झाला असता का, की नोव्हेंबरचे काम उगाच दुप्पट झाले असते? पुढच्या एप्रिलमध्ये डाव्या बाहीवर तसे करून पाहायचे आम्ही ठरवले आहे.

सध्या दोन कामे बाकी आहेत. उजव्या बाहीच्या टोकाला, घड्याळाच्या पट्ट्याशी घासून, पांढरे धागे दिसू लागले आहेत. तिथे सूतच झिजले आहे, म्हणून दोन्ही बाह्यांना कॅनव्हासचा गोट लावावा लागेल. चेनचा सर्वांत खालचा दातही सैल आहे. फेब्रुवारीअखेर हंगाम संपला की जॅकेट मास्टरजींकडे जाईल, आणि ते ती पट्टी जुन्याच भोकांतून बसवतील.